तुमचे प्रश्न: नक्की तारीख कुठली?

प्रश्न: 'राजा हरिश्चंद्र' सिनेमाची तारीख कुठे २१ एप्रिल १९१३ देतात, कुठे ३ मे. यावरून घरात वाद झालाय, खरी कुठली?

उत्तर: वाद मिटवा, दोन्ही खऱ्या! २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात फाळक्यांनी फक्त निमंत्रितांना दाखवला आणि ३ मेला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये पब्लिक तिकीट काढून आलं. आपण ३ मे धरतो, २०१३ साली शंभरीही त्याच दिवशी झाली, आणि मला विचाराल तर तेच बरोबर, फुकट्यांच्या टाळ्यांना काय अर्थ आहे. पण गंमत पुढेच आहे, त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ला म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. मग तो पहिला भारतीय सिनेमा का नाही? तर म्हणे ते नाटकाचंच शूटिंग, कॅमेरामन इंग्रज, आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. फाळक्यांचा सगळा घरचा कारखाना, पत्नी सरस्वतीबाई स्वतः फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, आणि तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली. तरी तोरण्यांचं नाव निदान घ्यायला तरी हवं ना!

प्रश्न: गायक वसंतराव देशपांड्यांची शताब्दी कधी झाली? काही ऐकलंच नाही.

उत्तर: कसं ऐकणार, जन्म २ मे १९२०चा, मूर्तिजापूरचा, आणि शंभरी आली ती नेमकी लॉकडाऊनमध्ये. 'मी वसंतराव' सिनेमा २०२२मध्ये आला, त्यात नातू राहुलनेच आजोबा उभे केले.

प्रश्न: दरवर्षी १ मेला मुलगा सेनाचे फोटो स्टेटसला ठेवतो. हा कोण?

उत्तर: आयर्टन सेना, ब्राझीलचा, फॉर्म्युला वन या कार रेसिंगचा तीनदा चॅम्पियन. १ मे १९९४ला इटलीत इमोलाच्या रेसमध्ये सातव्या लॅपला टॅम्बुरेलो वळणावर त्याची विल्यम्स टीमची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. मुलाला म्हणावं एक दिवस आधीचंही स्टेटस ठेव, कारण ३० एप्रिलला त्याच ट्रॅकवर क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेरीत, रोलंड रॅट्झेनबर्गर गेला, ऑस्ट्रियाचा, सिमटेक टीमची गाडी चालवायचा, तोवर फक्त एकच रेस झाली होती बिचाऱ्याची. सेनाच्या गाडीत नंतर ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, रेस संपल्यावर रोलंडसाठी फडकवायला घेतलेला.