आय सेव्हन म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा यंदा बेळगावात इंजिनिअरिंगला लागलाय, मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे, माझं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं लहान दुकान आहे, पत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत कराव्या लागतात. सगळ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर घ्यायचाय, मॉनिटर धरून ४५ हजारात बसवायचाय. एका दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलंय, 'कोअर आय ७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, वायफाय, कॅबिनेट, २२ हजार'. पोरगं म्हणतंय रायझन घेऊया, पण त्याला पैसे जास्त पडतायत. २२ हजारात आय ७ मिळत असेल तर सोडायचं कशाला?

उत्तर : दादा, आधी त्या दुकानदाराला एकच विचारा, आय ७ म्हणजे कुठला, पुढचा नंबर काय? कारण आय ७ हे प्रोसेसरचं नाव इंटेल कंपनी २००८ पासून वापरतेय आणि त्यात कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. या भावात जो मिळतो तो बहुतेक वेळा २६०० नाहीतर ३७७० असतो, म्हणजे २०११-१२ चा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेल्या मशीनमधून काढलेला आणि नव्या दिसणाऱ्या एच ६१ मदरबोर्डवर बसवलेला. बोर्ड चकचकीत, कॅबिनेटमध्ये रंगीत लाइट, पण रॅम जुन्या पिढीची, डीडीआर ३. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंय, ते यात नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार काहीतरी करून ११ घालून देईल, पण पुढचे मोठे अपडेट नीट येतील याची खात्री कोण देणार? त्याच मशीनवर तुम्ही गिऱ्हाइकांचे सेवा सिंधूचे (कर्नाटक सरकारच्या सेवांचं पोर्टल) अर्ज भरणार, बँकेचं बघणार, म्हणून मला ते पटत नाही. आणि वेगाचं म्हणाल तर २०२२ चा साधा आय ३-१२१००, चार कोअरचाच (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग), त्या आय ७-३७७० ला सहज मागं टाकतो.

तर तुमच्या घराला काय बरं पडेल? मुलाचं ऐका. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बघा. सहा कोअर, बारा थ्रेड (म्हणजे एकावेळी बारा कामं हाताळतो), आणि ग्राफिक्स आतच आहे, म्हणजे वेगळं कार्ड आत्ता घ्यायला नको. प्रोग्रॅमिंग, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं ऑटोकॅड, मुलीचे ऑनलाइन क्लास, तुमचं कोरल ड्रॉ, सगळं त्यावर चालतंय. पण इथंही पूर्ण नंबर बघूनच घ्या, 'जी' असलेला ५६००जी. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतंय, आणि इंटेलकडे हीच गोष्ट 'एफ'ची, १२१००एफ घेतला तर कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. एका अक्षरासाठी लोक घरी मशीन नेतात, लावतात आणि मग बोर्ड खराब आहे म्हणून दुकानात भांडायला जातात, बोर्डचा काही दोष नसतो.

बोर्ड बी ५५० चा मिळाला तर उत्तम. बी ४५० पण चालतंय, फक्त जुना स्टॉक असेल तर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय तो ५६००जी ओळखणार नाही, ते काम दुकानातच करून घ्या.

आता रॅम. १६ जीबीची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्या. ५६००जी चं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, ते रॅममधलीच वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्हीकडून एकदम माल मिळतो, फरक डोळ्याला दिसतो. पट्टी डीडीआर ४ च पाहिजे, डीडीआर ५ ची खाच वेगळी असते, या बोर्डात बसतच नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी शेवटी फार भडकले, त्यामुळं त्याआधी कुणी सांगितलेला आकडा धरून बजेट करू नका. दोन्ही पट्ट्या बजेटात बसत नसतील तर आत्ता ८ ची एक घ्या आणि दुसरी पुढं घ्या, पण एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा डबा) पैसे वाचवून रॅम घेऊ नका, हे मी मनापासून सांगतो.

कारण आपल्याकडं मशीन जळतंय ते इथंच. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारी एसएमपीएस असते ना, वर ५०० वॅट लिहिलेली, हातात घेऊन बघा, हलकी लागते. तुमच्या पूर्ण मशीनला १५० वॅट पण लागणार नाहीत, म्हणून चांगल्या कंपनीची ४५० वॅटची, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का) लिहिलेली घेतली की पुरे, पुढं मुलाला ग्राफिक्स कार्ड लावायचं झालं तरी बेताचं कार्ड ओढेल. खानापूरकडं पावसात लाइट किती वेळा जाते-येते ते मी तुम्हाला काय सांगायचं! त्यामुळं ६०० व्हीएचा यूपीएस पण धरा. आणि घरात अर्थिंग आहे का ते वायरमनला बोलावून बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. बरीच लोकं तिसरी पिन कापून टाकतात, किंवा टू-पिन अडॅप्टर लावतात, तसं अजिबात करू नका, लहान पोरं असलेल्या घरात तर नाहीच.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी, जास्त वेगाची) घ्या, कंपनी नावाजलेली बघून. हार्ड डिस्क सेकंदाला १००-२०० एमबी वाचते, साटा एसएसडी (वायरनं जोडायची) ५५० च्या आसपास, साधी एनव्हीएमई सुद्धा बहुतेक २००० च्या वर. तुमच्या पत्रिकांच्या फाईली वाढल्या की मग पुढं एक हार्ड डिस्क लावा, पण ती दुसरी कॉपी ठेवायला, एकाच जागी सगळं ठेवायला नको. लग्नाच्या सीझनमध्ये डिझाइन गेलं तर गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवणार?

मॉनिटर २२-२४ इंची, आयपीएस (रंग नीट दाखवणारा पॅनल), फुल एचडी. पत्रिकेचे रंग तुम्ही त्याच्यावर बघणार, आणि पोरं दिवसभर त्याच्यासमोर बसणार, इथं हजारभर जास्त गेले तरी चालतील. कन्नड-मराठी टायपिंगला वेगळं काही विकत घ्यायला नको, विंडोजमध्ये दोन्हीचे इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण मांडणी) कीबोर्ड आहेत, सेटिंगमध्ये भाषा ॲड करा आणि विंडोजचं बटण दाबून स्पेसबारनं बदलत राहा. जुन्या पत्रिका श्रीलिपीत (फॉन्टचं सॉफ्टवेअर) असतील तर ते सॉफ्टवेअर वेगळं लागेल, ते आधीच विचारून ठेवा. आणि विंडोज लायसन्सचं घ्या, त्याचे पैसे बजेटात धरा. नसेल जमत तर घरच्या वापराला विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट घाला, मात्र कोरल ड्रॉ त्याच्यावर नीट चालणार नाही, दुकानाच्या कामाला विंडोजच लागणार.

हे सगळं जोडून ४५ हजारांच्या पुढं जात असेल तर आय ३-१२१०० आणि एच ६१० बोर्ड घ्या, डीडीआर ४ वाला, कारण एच ६१० डीडीआर ५ चे पण येतात. तुमच्या कामाला तेवढंही पुरतंय, ग्राफिक्समध्ये थोडं कमी पडेल एवढंच.

दुकानातून उचलायच्या आधी मशीन तिथंच चालू करायला लावा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, प्रोसेसरचं पूर्ण नाव वरती लिहिलेलं दिसतं, मेमरीत किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. चिठ्ठीशी जुळवा. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर घ्या, प्रोसेसर बॉक्सचा घ्या, त्याला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. चांगला दुकानदार हे सगळं आनंदानं करून देतो. जो टाळाटाळ करतो तिथून उठा.

प्रश्न : सर, निपाणीला राहतो. बेळगावपेक्षा कोल्हापुरात स्वस्त पडतंय असं मित्र म्हणतात. कुठून घेऊ?

उत्तर : जीएसटी दोन्हीकडं १८ टक्केच आहे, त्यामुळं राज्य बदललं म्हणून भाव पडत नाही, जो फरक असतो तो दुकानाचा. पाच-सातशे रुपयांसाठी लांब जाऊ नका. बिघाड झाला तर मशीन गाडीवर घालून न्यायचं तुम्हालाच आहे, म्हणून जिथं आठवड्यात एकदा तुमचं जाणं-येणं होतंय तिथून घ्या. निपाणीहून कोल्हापूर तुम्हाला सोयीचं असेल तर बिनधास्त तिथून घ्या. दुकानासाठी घेत असाल तर बिलावर जीएसटी नंबर घालून घ्या, क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतंय का ते मात्र सीएंना बिल दाखवून ठरवा.

प्रश्न : नमस्कार. बेळगावच्या अनगोळमधून लिहिते. घरी २०१३ चा डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. चालू व्हायला चहा होऊन जातो, आणि रोज तारीख २०१३ ची दाखवतो. फेकून देऊ का?

उत्तर : ताई, फेकू नका. तारखेचं कारण बोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, मशीन बंद करून, वायर काढून बदला. मग २४० जीबीची साटा एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम, बोर्डला कुठली चालते ते बघून. हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, तुमचे फोटो आहेत त्यात. त्यावर लिनक्स मिंट घाला, ब्राउझर, यूट्यूब, चिठ्ठ्या-पत्रं, मुलांचा अभ्यास एवढ्याला आरामात चालेल. जास्तीत जास्त एवढाच खर्च करा, जुन्या बोर्डवर प्रोसेसर बदलण्यात पैसे घालू नका. आणि पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी चालू ठेवत जा, जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, मागच्या रिकाम्या खाचा पत्र्याच्या पट्टीनं बंद करा, त्यातूनच पाली आत जातात.