हायस्कूल बास्केटबॉलला शॉट क्लॉक हवं का? हवं, पण आधी ते चालवणारा माणूस शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अमेरिकेत हायस्कूलच्या संघात खेळतो, राज्याच्या क्रीडा संघटनेने शॉट क्लॉकबद्दल (चेंडू मिळाल्यावर ठरलेल्या सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) शाळांचं मत मागवलंय, पालकांच्या बैठकीत दोन तट पडलेत आणि तुम्हाला कोणत्या बाजूने हात वर करायचा ते कळत नाहीये. शिवाय गेल्या महिन्यात समोरच्या संघाने शेवटची तीन मिनिटं नुसता चेंडू फिरवत काढली, त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझं उत्तर 'हो' आहे. व्हर्सिटी (म्हणजे शाळेचा मुख्य संघ) पातळीवर, 35 सेकंदांचं, मुलामुलींना सारखंच. पण बैठकीत सहसा जी कारणं दिली जातात ती मला लंगडी वाटतात, आणि खरी अडचण कुठे येते ते तिथे कुणी बोलत नाही.

आधी नियम काय सांगतो ते बघू. नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हाय स्कूल असोसिएशन्स ही संस्था हायस्कूल खेळांचे राष्ट्रीय नियम ठरवते. तिने शॉट क्लॉक सक्तीचं केलेलं नाही. मे 2021 मध्ये एवढंच ठरलं की 2022-23 च्या हंगामापासून ज्या राज्याला हवं त्याने 35 सेकंदांचं घड्याळ लावावं. त्याआधीही कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स अशी काही राज्यं आपल्या हिमतीवर ते वापरत होती. त्याची किंमत म्हणून त्यांना राष्ट्रीय नियम समितीवरचं प्रतिनिधित्व सोडावं लागे. आता ती आडकाठी नाही, म्हणून तर प्रश्न एकेका राज्यात मताला येतोय.

'घड्याळ आलं की गुण वाढतील, खेळ वेगवान होईल' हे पहिलं लंगडं कारण. हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे 1920 सेकंदांचा. सामना 55-50 असा संपला आणि चेंडूच्या दर ताब्यामागे ढोबळ एक गुण धरला, तर दोन्ही संघांचे मिळून शंभराच्या आसपास ताबे झाले. म्हणजे एका ताब्याला सरासरी 19 सेकंद. अशा सामन्यात 35 चं घड्याळ लावलं तरी ते बहुतेक वेळ शून्याच्या जवळपासही फिरकणार नाही. मुलं त्याआधीच शॉट मारून मोकळी होतात, कित्येकदा गरजेपेक्षा लवकरच.

एनबीए या व्यावसायिक लीगचं उदाहरणही इथे जसंच्या तसं लागू होत नाही. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. असं चालू राहिलं तर प्रेक्षकच उरणार नाहीत, हे मालकांना दिसलं. मग सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशोब मांडला: 48 मिनिटांचे 2880 सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 120 शॉट, भागाकार 24. 1954-55 च्या हंगामापासून ते घड्याळ सुरू झालं. पण तो तिकीटविक्रीचा प्रश्न होता. शाळेच्या जिममध्ये खेळाडूंचे आईवडील येतात, ते 19-18 लाही येतील.

गंमत म्हणजे त्याच 1954 साली, मार्च महिन्यात, इंडियाना राज्याच्या अंतिम सामन्यात 161 विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला 32-30 असं हरवलं. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलनच्या बॉबी प्लंपने चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला, आणि शेवटचा निर्णायक शॉटही त्यानेच मारला. घड्याळाच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. उंची कमी, राखीव खेळाडू कमी, अशा शाळेला सामन्यातले ताबे कमी करणं हे हत्यार असतं. ताबे जितके कमी, तितकी बलाढ्य संघाला आपला वरचढपणा दाखवायची संधी कमी. 35 सेकंदांनी ते हत्यार बोथट होतं, पूर्ण जात नाही. दर वेळी 30 सेकंद पास फिरवून मग शॉट घेणारा संघ घड्याळ असतानाही सामना बराच संथ करू शकतो. चार मिनिटं मात्र धरून बसता येणार नाही, आणि माझ्या मते येऊही नये.

आता मला पटणारं कारण. घड्याळाचा खरा परिणाम शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दिसतो. हे उदाहरण बैठकीत फळ्यावर मांडून दाखवा.

दोन मिनिटं उरलीत. 'अ' संघ 6 गुणांनी पुढे आहे आणि चेंडू त्याच्याकडे आहे. घड्याळ नाही. 'अ' ला शॉट घ्यायची काहीच गरज नाही. पुढच्या अर्ध्या मैदानात बचावपटू 6 फुटांच्या आत असेल तर चेंडू धरायला किंवा ड्रिबल करायला पाच सेकंदांची मर्यादा आहे खरी, पण दर चार सेकंदांनी पास दिला की मोजणी नव्याने सुरू. म्हणून 'ब' पुढे एकच वाट उरते, फाउल. 2023-24 पासूनच्या राष्ट्रीय नियमात क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात. 'ब' चे आतापर्यंत दोनच फाउल झाले असतील तर तिसरा आणि चौथा नुसता पाचव्यापर्यंत पोहोचण्यासाठी करायचा. शिट्टी, थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं), शिट्टी, थ्रो-इन, मग फ्री थ्रोची रांग. दोन मिनिटांचा खेळ पंधरा मिनिटं चालतो आणि त्यात बास्केटबॉल असा फारसा नसतोच.

आता तीच स्थिती घड्याळासह. 'अ' ने पूर्ण 35 सेकंद खाल्ले आणि शॉट चुकला: उरले 1:25. 'ब' ने रिबाउंड घेऊन 12 सेकंदांत तीन गुण केले: 1:13. 'अ' ने पुन्हा 35 खाल्ले, पुन्हा चुकला: 0:38. 'ब' ने 10 सेकंदांत आणखी तीन केले: बरोबरी, आणि 28 सेकंद शिल्लक. एकही फाउल नाही. 'ब' परत आला तो बचावाच्या जोरावर. इथून पुढे सामन्याच्या घड्याळात 35 पेक्षा कमी उरल्यामुळे शॉट क्लॉक बंद असतं, म्हणजे 'अ' ला शेवटच्या शॉटसाठी थांबता येतं. दोन्ही कोचना डोकं चालवावं लागतं. प्रत्यक्षात 'ब' चे दोन्ही तीन-गुणी शॉट पडतीलच असं नाही, पण बचाव करून चेंडू परत मिळवण्याची शक्यता तरी उघडी राहते. हा फरक मला गुणसंख्येपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आपल्या कबड्डीत हे फार आधीपासून आहे. दम हेच चढाईचं घड्याळ. प्रो कबड्डीत चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आली. शिवाय दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. आघाडी घेतलेल्या संघाने नुसती निदान रेषा ओलांडून परत यायचं, याला तिथे चाप बसला. इथेही वेगळं काही नाही.

30 की 35? मॅसॅच्युसेट्स 30 वापरतं. कॉलेजचे पुरुष संघ 1985-86 ला 45 पासून सुरुवात करून 1993-94 ला 35 आणि 2015-16 ला 30 वर आले. पहिल्यांदाच घड्याळ लावणाऱ्या राज्याने 35 च्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. आंतरराष्ट्रीय संघटना फिबाचं 24 तर शाळेत नकोच. पंधरा वर्षांच्या पोराला चेंडू मैदानाच्या पुढच्या भागात नेऊन आखलेली चाल लावेपर्यंत दहा-बारा सेकंद जातात. ती फसली तर दुसरी लावायला वेळ हवा. नाहीतर सगळेच घाईचे शॉट मारत सुटतात.

आता बैठकीत न बोलली जाणारी अडचण. दोन डिस्प्ले, एक नियंत्रक आणि बसवणी मिळून खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. तो एकदाच करायचा असतो आणि पालकांच्या वर्गणीतून निघूही शकतो. मात्र सध्याच्या स्कोअरबोर्डच्या कन्सोलशी नवं घड्याळ बोलतं का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्या. कन्सोल जुना असला की दोन्ही घड्याळं जोडता येत नाहीत, आणि मग सामन्याचं घड्याळ थांबलं तरी शॉट क्लॉक आपलं चालूच. रिंगमागचा बोर्ड छताला टांगलेला, घडी होणारा असेल तर डिस्प्लेचं वाढीव वजन तो उचलणाऱ्या विंचला पेलेल का, तेही उत्पादकाला विचारा. बोर्डमागच्या भिंतीवर लावणं सोपं पडतं, पण खेळाडूला काचेतून आकडा नीट दिसायला हवा. भोंग्याचा आवाज सामन्याच्या भोंग्यापेक्षा वेगळाच असला पाहिजे. आणि टेबलावर एक साधं स्टॉपवॉच कायम हवं, यंत्र मध्येच दगा देतं त्या दिवसासाठी.

हे सगळं पैशांनी जमतं. अडतं ते बटणावरच्या बोटाशी. हे काम सामन्याचं घड्याळ चालवणाऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. त्याची नजर पंचाच्या हातावर असते, शॉट क्लॉकवाल्याची चेंडूवर. मुलं आणि मुली दोन्ही व्हर्सिटी संघांचे घरचे सामने समजा अकरा-अकरा धरले, तर बावीस संध्याकाळी तिथे शिकलेला माणूस बसायला हवा. ज्युनियर व्हर्सिटीलाही (दुसऱ्या फळीच्या संघालाही) घड्याळ लावलं की सामने 44. एकच माणूस तयार केला आणि तो फ्लूने आडवा झाला की झालं.

आणि हे काम दिसतं तितकं सोपं नाही. सवयीने होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. शॉट हवेत गेला की अंगठा आपसूक रीसेटवर (घड्याळ पुन्हा 35 वर आणणाऱ्या बटणावर) जातो, पण चेंडू रिंगला लागलाच नाही तर रीसेट नाही. बचावपटूने चेंडूला नुसता हात लावला तर ताबा बदलत नाही, घड्याळ चालू राहतं. त्याने चेंडू खरोखर पकडला तरच 35. बचावपटूच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला तर घड्याळ थांबतं, आकडा तोच राहतो. टाइमआउटनंतर तोच. बचावपटूमुळे हेल्ड बॉल झाला (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी चेंडू एकाच वेळी घट्ट धरला) आणि पुढचा ताबा कुणाचा ते दाखवणारा टेबलावरचा बाण आक्रमण करणाऱ्यांच्याच बाजूला असला तरी तोच. थ्रो-इनमध्ये घड्याळ सुरू होतं ते मैदानातल्या खेळाडूचा चेंडूला हात लागल्यावर, पंचाने चेंडू बाहेरच्या खेळाडूला दिल्यावर नाही.

शिकाऊ माणसाला मी एकच गोष्ट घोकायला लावेन: शंका असेल तर दाबू नको. रीसेट दोन सेकंद उशिरा केला तरी कुणाचं काही बिघडत नाही. चुकून केलेला रीसेट मात्र आधीचा आकडा पुसून टाकतो, आणि तो 11 होता की 17 हे मग कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पंच खेळ थांबवतात, टेबलाशी येतात, दोन्ही कोच तिथेच उभे. चूक दुरुस्त करायची तर त्याच शॉट क्लॉकच्या अवधीत करावी लागते, पुढचा ताबा सुरू झाला की संधी गेली. म्हणून प्रत्येक शिट्टीला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि शेजारच्या स्कोअररने तो कागदावर टिपायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पालकांनीही एक लक्षात ठेवावं: शॉट क्लॉकचा भोंगा म्हणजे शिट्टी नव्हे. भोंग्याआधी हातातून सुटलेला चेंडू बास्केटमध्ये गेला किंवा रिंगला लागला तर खेळ चालूच. लागला नाही तर पंच शिट्टी वाजवून चेंडू दुसऱ्या संघाला देतो. घड्याळ नवं असतं तेव्हा पोरं भोंगा ऐकून जागच्या जागी थांबतात आणि समोरचा पळत जाऊन ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) मारून येतो. हे टाळायचं तर आधी सरावात दोन आठवडे भोंगा वाजवत खेळावं लागतं.

तेव्हा बैठकीत हात वर करा, पण तीन अटी ठरावात लिहून घ्या. पहिल्या हंगामात घड्याळ फक्त व्हर्सिटीला. हंगामाआधीचे सराव सामने पूर्ण घड्याळ लावून. आणि प्रत्येक शाळेने निदान तीन प्रशिक्षित माणसांची नावं कळवल्याशिवाय मान्यता नाही. ती तीन कोण, हे तुमच्या शाळेत त्याच बैठकीत विचारा. कुणीच बोललं नाही तर ठराव एक वर्ष पुढे ढकलायला मी तरी हरकत घेणार नाही.