बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय, चित्रकला शून्य, पण व्हीएफएक्समध्ये जायचंय. स्टुडिओची कोडिंग स्पर्धा द्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पदवी नुकतीच झाली, चित्र काढता येत नाही, अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्सची (संगणकावर घडवलेल्या सिनेमातल्या दृश्यांची) ओढ आहे. गोरेगावच्या एका स्टुडिओने पदवीधरांसाठी कोडिंग स्पर्धा ठेवलीय, वर येणाऱ्यांना नोकरीच्या मुलाखतीला बोलावणार. द्यावी का, आणि हातात महिना आहे तर तयारी काय करावी?

द्या. उत्तर इथेच थांबलं असतं, पण तुम्ही पुढे लिहिलंय, "रोज दोन तास लीटकोडवर बसतोय." लीटकोड म्हणजे कोडिंगची कोडी सोडवायची साइट. तिथला एक तास कमी करा. का ते सांगते, जरा लांबेल.

मी नाशिकच्या सिडकोतली. २०१४ साली मीही अशीच एक स्पर्धा दिली होती, मुंबईतच. वेळ दुपारी बाराची. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली, घाईत पासवाल्यांच्या डब्यात चढले आणि कल्याणपर्यंत उभी राहिले, कारण रिकामी दिसणारी प्रत्येक जागा कुणाच्या तरी ग्रुपची होती. पिशवीत आईची थालीपीठं आणि डोक्यात सॉर्टिंगचे सगळे प्रकार. तीन तास, तीन प्रश्न, भाषा पायथन. पहिले दोन पाठच होते म्हणा ना. तिसरा असा: एका फोल्डरमध्ये एका शॉटच्या (सलग दृश्याच्या) रेंडर झालेल्या, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या, फ्रेम्स (एकेक चित्रं) आहेत, कुठल्या गायब आहेत ते सांगा.

मला हसूच आलं. फाइलच्या नावातला आकडा काढायचा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा शोधायचा, मधले कुठले नाहीत ते छापायचे. दहा ओळींत काम झालं. मी उठून पाणी पिऊन आले, दोघातिघांचे चेहरे न्याहाळले.

मग परीक्षक आले. एसी इतका होता की त्यांच्या गळ्यात मफलर होता. त्यांनी प्रत्येकाचा प्रोग्रॅम स्वतःच्या पेनड्राइव्हमधल्या खऱ्याखुऱ्या फोल्डरवर चालवला. माझा पहिल्या सेकंदाला आडवा झाला. विंडोज आपणहून फोल्डरमध्ये एक 'थम्ब्ज' नावाची फाइल टाकून ठेवतं, तिच्या नावात आकडाच नव्हता. त्यांनी ती हाताने काढली आणि पुन्हा चालवला. माझा प्रोग्रॅम म्हणाला, काही गायब नाही. पण १०४८ नंबरची फ्रेम शून्य बाइटची होती. नाव आहे, आत काही नाही. रेंडर करताकरता मशीन मेलं की अशी फाइल मागे राहते. शिवाय शेवटच्या सहा फ्रेम्स नव्हत्याच, आणि मी तर 'सगळ्यात मोठा आकडा' त्याच फोल्डरमधून काढत होते. शेपूटच तुटलेलं असेल तर ते मला कळणार कसं?

शेजारी धुळ्याचा एक मुलगा होता. त्याचा प्रोग्रॅम माझ्या तिप्पट लांब, दिसायला गबाळा. पण त्याने लिहायला घेण्याआधी हात वर करून विचारलं होतं, "सर, शॉट कितीपासून कितीपर्यंत आहे?" आणि त्याच्या स्क्रीनवर शेवटी आलं: "१०४८ रिकामी. ११३५ ते ११४० नाहीत. बाकी ठीक." परीक्षक म्हणाले, "हे मी रात्री दोन वाजता लायटिंगवाल्याला फोनवर वाचून दाखवू शकतो."

त्याची निवड झाली. मला दीड महिन्याने बोलावणं आलं, कुणीतरी नाही म्हटल्यावर.

या स्पर्धांचा सगळा मामला त्या एका फोल्डरमध्ये आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं. स्टुडिओला अवघड कोडी सोडवणारी माणसं नको असतात असं नाही, पण तिथे रोजचं दुखणं घाणेरड्या डेटाचं असतं. फाइलींची नावं माणसं ठेवतात, आणि माणसं 'फायनल', 'फायनल_२', 'खरंच_फायनल' अशी नावं ठेवतात. नावं अक्षरांप्रमाणे लावली की १० हा ९ च्या आधी येतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी फ्रेम्स १००१ पासून मोजतात. सगळे आकडे चार अंकी राहतात आणि शॉटच्या आधी काही फ्रेम्स वाढवायच्या झाल्या तरी शून्याच्या खाली जावं लागत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं, कॅन्टीनमध्ये कळलं.

एक फ्रेम गेली तर काय बिघडतं? हिशेब करून बघा. २०४८ बाय १०८० ची फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला चार चॅनेल, दर चॅनेलला दोन बाइट. कॉम्प्रेस न करता एक फ्रेम झाली सुमारे १७.७ एमबी. त्या परीक्षेतला शॉट १४० फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे जेमतेम सहा सेकंदांचा, पण भरला जवळजवळ अडीच जीबी. आणि हा एकच थर. धूर वेगळा, पात्र वेगळं, सावल्या वेगळ्या. एका फ्रेमला ४० मिनिटं धरली तर एका मशीनला हे काम जवळपास चार दिवस पुरतं. वीस मशीन लावली तर पावणेपाच तासांच्या आत होतं. आता रात्री आठला काम लावलं आणि एक रिकामी फ्रेम सकाळी क्लायंटसमोरच दिसली, की मग कोण कुणाला काय बोलतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

(जाता जाता: हा फ्रेम मोजण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं होतं. त्यात क्रम चुकला असता तर रोप परत मातीत गेलं असतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेले की मला हे हटकून आठवतं.)

आता चित्रकलेचं. मला आजही सरळ गणपती काढता येत नाही. स्टुडिओत आमच्यासारख्यांना टीडी म्हणतात, टेक्निकल डायरेक्टर. नाव भारदस्त, डायरेक्शन काडीचं नाही. कुणी पाइपलाइन सांभाळतं, म्हणजे एका विभागाचं काम दुसऱ्याकडे नीट पोचतंय ना ते बघतं. कुणी पात्राच्या आतला सांगाडा बांधतं, कुणी धूर-पाणी-स्फोट घडवतं. डोळा तयार व्हावा लागतो, तो बघून बघून होतो. आणि कोड लिहिणाऱ्याला इथे मान नाही असं समजू नका. केन पर्लिन यांना १९९७ साली तांत्रिक ऑस्कर मिळालं ते एका गणिती फंक्शनसाठी. संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी दिसतात म्हणून त्यांनी ठरवून खडबडीतपणा आणणारं 'नॉइज' बनवलं. ढग, संगमरवर, गंज, सगळीकडे तेच किंवा त्याची भावंडं असतात. तुमच्या स्पर्धेत एखादा प्रश्न त्यावर आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गणित मात्र चुकवू नका. बारावीचं वेक्टर आणि मॅट्रिक्सचं प्रकरण काढा, तेवढं बऱ्यापैकी पुरतं. एखादी वस्तू तिच्या कडेभोवती फिरवायची तर आधी ती कड मूळबिंदूवर आणायची, फिरवायचं, मग परत जागेवर ठेवायचं. हा क्रम उलटा झाला की दार बिजागरीवर न फिरता खोलीभर फिरतं. डॉट प्रॉडक्टने कॅमेऱ्यासमोर काय आहे आणि पाठीमागे काय हे ओळखता आलं पाहिजे. आणि मुलाखतीत मीच विचारते तो एक सांगून टाकते: कॅमेरा ३५० अंशांवर आहे, १० अंशांवर न्यायचाय, अगदी मधल्या फ्रेमला तो कुठे असेल? पोरं पटकन सरासरी काढून १८० म्हणतात. म्हणजे अशोकस्तंभावरून रविवार कारंजाला जायला द्वारकेला वळसा घालणं झालं. उत्तर शून्य अंश. हेच तिन्ही अक्षांवर एकदम आलं की साध्या कोनांनी भागत नाही, तिथे क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं मांडणारे चार आकड्यांचे संच, लागतात. गणितज्ञ हॅमिल्टनने ते १८४३ साली शोधले, आणि केन शूमेकने १९८५ साली अ‍ॅनिमेशनमध्ये कसे वापरायचे ते दाखवलं. सूत्र पाठ करायची गरज नाही, ते कशासाठी लागतात एवढं दोन वाक्यांत सांगता आलं तरी समोरचा मान डोलावतो.

भाषा पायथनच. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये २००७ पासून आहे, हुडिनी, न्यूक, ब्लेंडर या इथल्या बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. सी प्लस प्लस येत असेल तर उत्तम, पण एका महिन्यात नव्याने धरू नका. लीटकोडचा उरलेला तास तीन गोष्टींना द्या: पायथनची डिक्शनरी (नावावरून माहिती शोधायची रचना), झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या रचनेवर रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन), आणि कुठलं काम कुणाच्या आधी व्हायला हवं ते लावणारं टोपोलॉजिकल सॉर्ट. सीनमधल्या वस्तू झाडासारख्याच एकात एक असतात, आणि सांगाडा झाल्याशिवाय अ‍ॅनिमेशन होत नाही, अ‍ॅनिमेशन झाल्याशिवाय लायटिंग. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग मला एवढ्या वर्षांत एकदा लागलं, तेही हौस म्हणून.

सुटलेल्या तासात ब्लेंडर उतरवून घ्या, फुकट आहे. हुडिनीची शिकणाऱ्यांसाठीची आवृत्तीही फुकट मिळते, फक्त रेंडरवर शिक्का येतो. आणि मग सॉफ्टवेअर शिकत बसू नका, माणूस शोधा. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला अ‍ॅनिमेशनचे क्लास आहेत, तुमच्या ओळखीतलं कुणीतरी तिथे जात असणारच. त्याच्या शेजारी दोन तास गप्प बसा. तो कुठलं काम वीस वेळा तेच तेच करतो ते वहीत लिहा. त्यातलं एक काम एका बटणावर आणून द्या. मग त्याने ते कसं मोडलं ते बघा. मोडणारच तो.

माझं असं पहिलं बटण फार साधं होतं. कलाकार स्वतःच्या मशीनच्या डी ड्राइव्हवरचं टेक्श्चर (वस्तूवर चिकटवायचं रंग-पोताचं चित्र) सीनमध्ये लावायचे. त्यांच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसायचं, रेंडर फार्मच्या, म्हणजे फक्त रेंडरसाठी ठेवलेल्या, मशीनना तो डी ड्राइव्ह कुठून दिसणार? सकाळी अख्खं पात्र टक्कल पडल्यासारखं करडं. मी एक बटण दिलं जे सीन पुढे पाठवण्याआधी असे सगळे पत्ते शोधायचं. पहिल्या आठवड्यात कुणी वापरलं नाही, कारण मी त्यात चुकांची यादी इंग्रजीत, लाल अक्षरांत, पन्नास ओळींची दाखवत होते. एका ज्येष्ठ कलाकार ताईंनी सुनावलं, "बाई गं, रागावतेस कशाला, दुरुस्त करून दे ना." मग यादी काढली आणि 'सगळं सर्व्हरवर हलव' एवढं एकच बटण ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्खा मजला ते वापरत होता. तुमच्याकडे अशी एक गोष्ट असेल तर स्पर्धेत दहावे आलात तरी मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. स्पर्धेत उतरायला किंवा निवड झाल्यावर 'ट्रेनिंग डिपॉझिट' म्हणून पैसे मागितले तर फोन ठेवा. मला एका ठिकाणी मागितले होते, वर मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली होती. वडील म्हणाले, मार्कशीट काय त्यांच्या बापाची आहे का, आणि विषय संपला. दुसरं, हे क्षेत्र भरवशाचं नाही हे घरी आधीच सांगून ठेवा. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि नटांचा ११८ दिवस चालला, तिथलं काम इथल्या स्टुडिओंकडे येतं, त्यामुळे त्याची झळ गोरेगावात बसली. माझं कंत्राट तेव्हाच पुढे वाढलं नाही, मी चार महिने सिडकोत आईच्या हातचं खात बसले होते. पायथन आणि थ्रीडी येत असल्यामुळे निभावलं, मधल्या काळात एका बिल्डरसाठी इमारतींच्या थ्रीडी चित्रांचं काम केलं. नाशिकमध्ये या कामाला वाव थोडा, तेव्हा मुंबई-पुणे नाहीतर हैदराबाद-बंगळूरची तयारी हवी. घरून काम मिळतं, मीही आता तेच करते, पण सुरुवातीची दोनतीन वर्षं मजल्यावर बसूनच काढा. कॅन्टीनशिवाय हे काम शिकता येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, रिपोर्टिंग साडेनऊचं आहे तर सकाळी पंचवटीने निघून चालेल का. नाही चालणार. दादरला पोचायलाच दहा वाजून जातात, तिथून पश्चिम रेल्वेने गोरेगाव. आदल्या दिवशीच जा, कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. आणि गाडी कुठलीही असो, पासवाल्यांच्या डब्यात चढू नका.