सुरक्षा समितीच्या सदस्यांनी काय शिकून घ्यावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कारखान्यांतील सुरक्षा समित्यांवर कामगारांच्या बाजूने नेमलेल्या सदस्यांची पत्रे सतत येतात आणि त्यांतला गोंधळ बहुधा एकच असतो. समितीवर नाव लागले, फलकावर छायाचित्रही लागले, परंतु बैठकीत बसून नेमके काय पाहायचे, काय विचारायचे आणि काय लिहून घ्यायचे, हे कोणीही शिकवलेले नसते. त्यांपैकी काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. प्रत्येक कारखान्याची प्रक्रिया वेगळी असते, त्यामुळे ही उत्तरे तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : कारखाने अधिनियम गेला, त्याबरोबर सुरक्षा समितीही गेली, असे आमच्या व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले. आता प्रशिक्षण मागता येईल का? (चाकण)

समिती गेलेली नाही आणि प्रशिक्षणही मागता येईल. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम २२ मध्ये सुरक्षा समितीची तरतूद आहे आणि समितीतील कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नये, हेही तेथेच नमूद आहे. १९४८ च्या अधिनियमातील कलम ४१-जी, ज्याने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधींची समिती सक्तीची केली, ते १९८७ च्या दुरुस्तीने आले होते. त्या दुरुस्तीमागे भोपाळ होते. १९८४ च्या वायुगळतीपूर्वी, १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि तेथील कामगारांनी धोक्याच्या तक्रारीही केल्या होत्या. मात्र त्या तक्रारी ऐकून घेणे ज्याला बंधनकारक आहे, असे व्यासपीठच कायद्याने दिलेले नव्हते. नव्या संहितेतील समितीची तरतूद कोणी तोंडी सांगून रद्द करू शकत नाही. तुमच्या कारखान्याला किती कामगारसंख्येपासून व कोणत्या प्रक्रियेमुळे ती लागू होते, हे संचालनालयाच्या तुमच्या भागातील कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

प्रश्न : कंत्राटी कामगाराला समितीवर घेता येते का?

येते, आणि देखभालीची व सफाईची कामे जेथे कंत्राटदाराकडे आहेत, तेथे घेतलेच पाहिजे.

प्रश्न : दरवर्षी ४ मार्चला आमच्याकडे शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि व्याख्यान होते, त्यालाच समितीचे प्रशिक्षण म्हणून नोंदवले जाते. यंदा एका संस्थेने मोबाइलवर दोन तासांचा अभ्यासक्रम आणि सर्व सदस्यांना 'शासनमान्य' प्रमाणपत्र देण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. तो घ्यावा का? (वाळूज)

घेऊ नये. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, म्हणून तो दिवस आपण पाळतो आणि तो पाळण्यात गैर काही नाही. परंतु शपथ घेतल्याने कोणाला प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे आवरण, तपासता येऊ लागत नाही. 'शासनमान्य' हा शब्द छापणाऱ्या प्रत्येकाकडे मान्यतेचा आदेश, त्याचा क्रमांक व मुदत मागा आणि ती संचालनालयाकडून पडताळून घ्या. कामगाराला कारखान्यात प्रशिक्षण मिळावे किंवा मुख्य निरीक्षकांची मान्यता असलेल्या संस्थेत मालकाने त्याला पाठवावे, हा हक्क जुन्या अधिनियमाच्या कलम १११-ए मध्ये स्पष्ट शब्दांत होता. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे आणि नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे. प्रस्तावाला उत्तर देण्यापूर्वी त्यांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांची चौकशी करा.

संस्था कोणतीही असो, समितीच्या प्रशिक्षणातला निदान अर्धा वेळ तुमच्याच कारखान्याच्या आवारात, तुमच्याच यंत्रांसमोर गेला पाहिजे, अशी अट घाला. जो प्रशिक्षक शॉपफ्लोअरवर यायला तयार नसतो, त्याच्याकडे सर्वांना तोच साचा दाखवण्यापलीकडे काही नसते.

प्रश्न : रसायनांची माहितीपत्रके इंग्रजीत आहेत व ती कार्यालयात कुलूपबंद असतात. समितीने काय करावे?

ती वापराच्या ठिकाणी, मराठीत आणि तुमच्याकडे हिंदी भाषक कामगार असतील तर हिंदीतही लावून घ्यावीत. जुन्या अधिनियमाच्या कलम १०८ नेसुद्धा कायद्याने लावावयाच्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असणे आवश्यक ठरवले होते. सोळा विभागांचे संपूर्ण माहितीपत्रक पाठ करण्याची गरज नाही; प्रथमोपचाराचा चौथा, आगीचा पाचवा, सांडल्यास काय करावे याचा सहावा आणि संरक्षक साधनांचा आठवा, हे विभाग समितीच्या प्रत्येक सदस्याला वाचता आले पाहिजेत. भाषांतर मात्र रसायनाची जाण असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्या, कारण प्रथमोपचारात एक 'नाही' गळला, तरी अनर्थ होतो.

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील टाकी वर्षातून दोनदा साफ केली जाते. प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आले, की आत दिवा सोडून पाहावा, दिवा विझला नाही तर उतरावे, नाकाला ओला रुमाल बांधावा आणि गुदमरल्यासारखे वाटल्यास वेल्डिंगच्या सिलिंडरमधील ऑक्सिजन आत सोडावा. हे बरोबर आहे का? (तारापूर)

यातील एकही गोष्ट बरोबर नाही, आणि हे प्रशिक्षण म्हणून शिकवले गेले ही अत्यंत गंभीर बाब आहे. सफाईचे काम जवळ आले असेल, तर ते थांबवून ठेवा आणि पुढील मजकूर समितीच्या बैठकीत सर्वांसमोर वाचा.

नेहमीच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते आणि ते १९.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या जागेत उतरू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. दिवा मात्र सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत जळत राहतो, म्हणजे तो तुम्हाला धोक्याच्या रेषेच्या बराच खाली नेऊन मग विझतो. सडलेल्या गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडविषयी तर तो काहीच सांगत नाही. त्या वायूचे हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत काही शे इतके असले, तरी माणूस मरू शकतो आणि ज्योत स्थिर जळत राहते. टाकीत मिथेन किंवा द्रावकाची वाफ साठलेली असेल, तर तोच दिवा स्फोट घडवतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणजे आपल्याला आधी कळेल, हा समजही घातक आहे. प्रमाण दशलक्ष भागांत १०० च्या आसपास पोहोचले, की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असे वाटून माणूस आणखी खाली उतरतो.

ओला रुमाल वायू अडवत नाही. धुळीचा मास्क अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क काही वायू काही काळ शोषतो, पण तो ऑक्सिजन निर्माण करत नाही. त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत तो घालून उतरणे म्हणजे काहीही न घालता उतरणे आहे. अशा ठिकाणी बाहेरून हवा पुरवणारे किंवा पाठीवरच्या सिलिंडरचे श्वसनयंत्रच लागते आणि ते वापरण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन टाकीत सोडणे तर कधीही, कोणत्याही कारणाने करू नये, कारण ऑक्सिजन वाढलेल्या हवेत तेलकट कपडा एका ठिणगीने पेट घेतो. वायुवीजन ब्लोअरने आणि ताज्या हवेनेच करायचे असते.

समितीच्या सदस्यांनी टाकीच्या कामाआधी जे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, ते असे. टाकीत येणाऱ्या प्रत्येक पाइपवर ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती, बसवलेला असावा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह गळतात आणि चुकून उघडलेही जातात. ढवळणीच्या मोटारीचा पुरवठा तोडून त्यावर कुलूप लावलेले असावे आणि त्या कुलपाची किल्ली आत उतरणाऱ्याकडे असावी. टाकीतील वायू मोजणारा गॅस मीटर हातात घ्या, उलटा करा आणि मागच्या चिकटपट्टीवरील कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरची अचूकता तपासल्याची, तारीख वाचा. ती मुदत उलटून गेलेली असेल, तर त्या मीटरने दाखवलेला आकडा हा आकडा नव्हे. मॅनहोलवरून मीटर फिरवून घेतलेल्या नोंदीला अर्थ नाही. नळी सोडून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरात वेगवेगळे मोजावे लागते, कारण मिथेन हलका असल्याने वर आणि हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने खाली साठतो. मोजणी काम चालू असतानाही सतत करावी लागते. गाळात फावडे घातले, की अडकलेला वायू बाहेर पडतो आणि सकाळी नऊ वाजता निर्धोक असलेली टाकी साडेनऊ वाजता तशी राहत नाही. हातदिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा असू नये आणि ज्वालाग्राही वाफेची शक्यता असल्यास तो ज्वालारोधकच असावा.

आता बचावाविषयी. आपल्याकडच्या टाकीतल्या दुर्घटनांच्या बातम्या वाचून पाहा. त्यांत एक आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तिसरा त्या दोघांसाठी उतरतो. मागाहून उतरणारे हे सहसा त्याचे मित्र किंवा नातेवाईक असतात. म्हणून बचावाची तयारी माणूस आत जाण्यापूर्वी पूर्ण झालेली असावी : अंगात पूर्ण हार्नेस, त्याला जोडलेली दोरी, मॅनहोलवर तिवई व विंच, आणि बाहेर असा एक माणूस ज्याचे त्या वेळी दुसरे काहीही काम नाही आणि ज्याला स्वतः आत उतरण्याची सक्त मनाई आहे. ही मनाई पाळणे फार कठीण असते. ती पाळता यावी म्हणूनच कवायत करावी लागते, आणि तीही पुतळ्याचे वजन दोरीला लावून, त्याच मॅनहोलमधून, वेळ मोजत. अनेक कारखान्यांत या कवायतीतच प्रथम लक्षात येते, की पाठीवर सिलिंडर लावलेला माणूस त्या मॅनहोलमधून जातच नाही.

हे सारे परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, सही करून पूर्ण होत नाही. तुमच्या कारखान्यात कोणते वायू संभवतात, त्यांच्यासाठी मीटरला कोणते सेन्सर हवेत आणि उतरण्याऐवजी बाहेरून यंत्राने सफाई करता येईल का, हे सक्षम तज्ज्ञाकडून ठरवून घेतल्याशिवाय कोणालाही आत पाठवू देऊ नका. शेवटचा पर्याय खरे तर पहिला असला पाहिजे.

प्रश्न : पॉवर प्रेसवर एका मुलाची दोन बोटे गेली. चौकशी अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून समितीची सही मागितली आहे. करावी का? (भोसरी)

त्या एका वाक्यावर करू नये. हात आत असताना प्रेस खाली आला, याचा अर्थ हात आत असतानाही प्रेस खाली येऊ शकत होता, आणि चौकशी तेथून सुरू झाली पाहिजे. दोन्ही हातांची बटणे होती की पायाचे पेडल होते? एक बटण तार बांधून कायमचे दाबून ठेवलेले होते का? गार्डचा इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडा असताना प्रेस चालू न देणारी योजना, निकामी केलेला होता का, आणि असल्यास तो केव्हापासून तसा होता आणि कोणकोणत्या सुपरवायझरांनी पाहिला? त्या मुलाला या प्रेसवर कोणी, किती वेळ शिकवले? त्या पाळीत नगांचे लक्ष्य वाढवले होते का? आधी असा थोडक्यात चुकलेला प्रसंग घडला होता का, आणि त्याची नोंद कोठे आहे?

ही उत्तरे मिळाल्यावर अहवालात सदस्यांचे मत स्वतंत्रपणे लिहा व मगच सही करा. 'कामगाराला समज देण्यात आली' एवढीच उपाययोजना असलेल्या अहवालानंतर प्रेस तसाच राहतो. भरपाईचा प्रश्न यात गुंतलेला असल्याने संघटनेचा किंवा कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला सहीपूर्वी घ्या.

प्रश्न : प्रशिक्षण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवतात. चालेल का?

ते कामाच्या वेळेत असावे. तसे न झाल्यास तो दिवस कामाचा धरावा, अशी मागणी इतिवृत्तात नोंदवा.

प्रश्न : आमच्या शीतगृहाच्या अमोनिया कॉम्प्रेसरजवळ तीन आठवड्यांपासून गळती जाणवते. मी तोंडी सांगितले आहे. बैठक पुढील महिन्यात आहे, आणि थेट तक्रार केली तर नोकरी जाईल अशी भीती वाटते.

बैठकीची वाट पाहू नका. नजीकचा गंभीर धोका दिसल्यास तो मालकाला थेट किंवा समितीच्या सदस्यामार्फत आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा अधिकार जुन्या अधिनियमात कलम ४१-एच ने होता आणि नव्या संहितेत कलम १४ ने आहे. तुमची भीती मी खोटी मानत नाही. म्हणून एकट्याच्या नावाने जाऊ नका. समितीतील सर्व कामगार प्रतिनिधींच्या सह्यांचे एका पानाचे पत्र करा, त्यात जागा, यंत्राचा क्रमांक, वास प्रथम आल्याची तारीख आणि कोणाला केव्हा सांगितले ते लिहा, एक प्रत पोचसह व्यवस्थापकाला द्या आणि दुसरी निरीक्षकाच्या कार्यालयात द्या. संघटना असल्यास तिला आधी सांगा. गळती शोधायला स्वतः कॉम्प्रेसरच्या खोलीत जाऊ नका. ते काम योग्य श्वसनयंत्र असलेल्या प्रशिक्षित माणसांचे आहे. डोळ्यांची चुरचुर किंवा खोकला कोणाला सुरू झाला असेल, तर त्याला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्या. पत्र आजच्या पाळीत द्या.