ज्ञान आणि विश्वास ताळेबंदात दिसत नाहीत, मग त्यांना धंद्याची संपत्ती का म्हणायचं?

हिशेबाच्या नियमांपुरतं उत्तर सरळ आहे. एएस २६ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे स्वतः कमावलेलं गुडविल, म्हणजे धंद्याचा नावलौकिक, मालमत्तेत दाखवता येत नाही, आणि कामगाराच्या कसबावर मालकाचा ताबा नसतो म्हणून तेही सहसा धरत नाहीत. सीएसाठी हे ठीक. धंदेवाल्यानं एवढ्यावर थांबणं मला अजिबात पटत नाही.

कोल्हापुरात आमची ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची, फौंड्री होती. चुलतभावाशी वाटणी झाली तेव्हा भट्टीपासून मोल्डिंग बॉक्सपर्यंत सगळ्याची यादी निघाली. मी म्हटलं, ओतकाम बघणाऱ्या आमच्या मिस्त्रींनाही धरा. तो म्हणाला, "दादा, माणूस पगारावर मिळतो." भट्टी त्याच्याकडे गेली, मिस्त्री माझ्याकडे आले.

मिस्त्रींचं काम बघायला हवं. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, भरली की ते पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओततात, गार झाल्यावर हातोड्यानं फोडतात आणि टोकाचा पांढरा भाग किती आत गेलाय ते बघतात. या पांढऱ्या भागाला चिल म्हणतात. जास्त दिसला की तो कमी करणारं फेरोसिलिकॉन वाढवायला लावतात. नाहीतर पातळ कास्टिंगच्या कडा काचेसारख्या कडक होतात आणि मशिनिंगवाल्याची टूलं तुटतात. भावानं धातूत काय किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर घेतला. कार्बन, सिलिकॉनचे आकडे बरोबर यायचे, तरी कडक माल परत येत राहिला. रसायन तेच असूनही चिल वेगळी येते, ते आकड्यांत दिसत नाही.

विश्वासाचं म्हणाल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. पण नव्या शेडच्या वेळी माझा हात रिकामा होता, तेव्हा पिग आयर्नच्या, म्हणजे भट्टीत वितळवायच्या कच्च्या लोखंडाच्या, व्यापाऱ्यानं फोनवर ट्रक पाठवला तो कायदा बघून नव्हे. वडिलांच्या वेळेपासून आमचा चेक कधी परत गेला नव्हता. तेवढ्या मालासाठी बँकेला किती व्याज भरावं लागलं असतं, तिथून मोजायला लागा.

हां, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका. मिस्त्रींच्या हाताखाली मी पोरं दिलीत, फोडलेले नमुने तारीख टाकून जपून ठेवतो. स्पेक्ट्रोमीटरही हवाच, पुढे मीही घेतला. पण भागीदारी मोडत असेल तर यादीवर सही करण्याआधी विचारा, लॅडल पास कोण करणार आणि उधार माल कोणाच्या शब्दावर येतो. हे विचारलं तेव्हा घरचे मला भावनिक म्हणाले होते. मी निव्वळ धंद्याचं बोलत होतो.