वही द्यावी का?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या मोठ्या लेखिकेनं तुझी वही मागितली आहे, आणि तुला वाटतंय की देऊन टाकावी, आपल्याला कुठे त्यांच्यासारखं लिहिता येतं! देऊ नकोस. का, ते हॅरिएट जेकब्जच्या गोष्टीतून सांगते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ईडन्टन गावची ही गुलाम बाई. जिच्या मालकीची ती होती, त्या मुलीचा बाप तिच्या मागे लागला होता. १८३५ मध्ये ती पळाली आणि आजीच्या घराच्या छपराखाली लपली. माळा कसला, पोकळीच ती! ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि उंची जास्तीत जास्त ३ फूट. उंदीर अंगावरून जायचे. तिथे अंधारात चाचपडताना तिला एक गिरमिट सापडलं. त्यानं तिनं लाकडाला भोकं पाडली, इंचभर उजेड आत घेतला आणि त्यातून रस्त्यावरची आपली दोन मुलं बघितली. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं की आई डोक्यावरच आहे. अशी सुमारे ७ वर्षं. १८४२ मध्ये ती गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत निसटली.

न्यूयॉर्कमध्ये ती एका संपादकाच्या घरी मुलं सांभाळायची. १८५२ मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरुद्धच्या कादंबरीनं देश हलवला, तेव्हा एमी पोस्ट या मैत्रिणीनं तिच्या लेखिकेला, हॅरिएट बीचर स्टोव्हना, पत्र लिहिलं, की हिची कहाणी लिहायला मदत कराल का? स्टोव्हनी काय केलं? ते पत्र थेट त्या संपादकाच्या बायकोकडे पाठवलं, जिच्या घरी जेकब्ज काम करायची, हे खरं आहे का विचारायला. खरं असेल तर आपल्या पुढच्या पुस्तकात वापरणार होत्या. एका गोऱ्या वकिलापासून लग्नाशिवाय झालेल्या मुलांची गोष्ट जेकब्जनं तिला कधीच सांगितलेली नव्हती. ती एका टपालात उघडी पडली. स्टोव्हबाईंचं काम फार मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या लेखी ही बाई लेखिका नव्हतीच, कच्चा माल होती. वही मागणाऱ्याकडे बघताना तू नेमकं हेच बघ.

जेकब्ज दुखावली आणि स्वतः लिहायला बसली. आधी वर्तमानपत्राला निनावी पत्रं लिहून हात बसवला. मग घरातली पोरं झोपली की रात्री पुस्तक, चोरून, कित्येक वर्षं.

मदत तिनंही घेतली. लिडिया मारिया चाइल्ड ही तेव्हाची नावाजलेली लेखिका. १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिल्याबद्दल आपले वाचक गमावून बसलेली. तिनं हस्तलिखित तपासलं, काही भाग पुढेमागे केले, शेवटचं प्रकरण काढायला सुचवलं आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं, की मी संक्षेप आणि मांडणी केली, तीही लेखिकेच्या विनंतीवरून. अशी बाई भेटली तर तिचे पाय धर. प्रकाशकाचं दिवाळं निघालं, तेव्हा जेकब्जनं छपाईचे ठसे स्वतः विकत घेतले. १८६१ मध्ये पुस्तक आलं. शीर्षकपानावर लेखिकेचं नाव नव्हतं, पण ‘तिनं स्वतः लिहिलेलं’ हे शब्द होते.

तरी पुढे विसाव्या शतकात बराच काळ बहुतेक अभ्यासक ही चाइल्डची कादंबरीच समजत राहिले. जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी जेकब्जची जुनी पत्रं धुंडाळून लेखिका तीच हे दाखवलं आणि थेट १९८७ मध्ये पुस्तक तिच्या नावानं पुन्हा छापलं गेलं. ती पत्रं एमीच्या घरच्यांनी टाकून दिली असती तर?

म्हणून खोडलेली पानंसुद्धा ठेव, प्रत्येकावर तारीख घाल. त्या बाईंना नम्रपणे कळव, की लिहून झाल्यावर वाचायला देईन. आणि रुग्णालयातल्या रात्रपाळीचं पान, जे तू ‘बरं नाही जमलं’ म्हणून वगळलंस, ते मला आधी पाठव.

तुझ्या
बाई