जुनं ईपीएबीएक्स क्लाउडला जोडताना

दादा, जालन्याच्या दुकानातलं ईपीएबीएक्स (आतल्या फोनांची एक्सचेंज पेटी) चालू असेल तर भंगारात काढू नका, ते अन् इंटरनेटवरची क्लाउड फोन सेवा यांच्या मधे गेटवे (दोघांना जुळवणारी पेटी) टाका. त्यात पीआरआय कार्ड (एका डिजिटल लाइनवर अनेक कॉल नेणारं) असेल तर ई-वन पोर्टचा (तशाच डिजिटल लाइनचा) गेटवे घ्या, 30 चॅनल, म्हणजे एका वेळी 30 कॉल मिळतात. साधे सीओ पोर्ट (बाहेरची टेलिफोन लाइन लावायचे) असतील तर समोर एफएक्सएस (डायल टोन देणारा) गेटवे लागतो. नवखा हमखास एफएक्सओ (लाइन घेणारा, टोन न देणारा) आणतो अन् डायल टोनच येत नाही! एफएक्सओ फक्त टेलिफोनची तार थेट गेटवेत घालायची असेल तर.

कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) जी-711 ए-लॉ ठेवा. एका कॉलला जाताना साधारण 90 अन् येताना साधारण 90 केबीपीएस इंटरनेट लागतं. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो? राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या संदेशांत फेरफार करणारी सेटिंग) बंद करा, आरटीपी पोर्ट (आवाज ज्यातून जातो ते) उघडे आहेत का तपासा. गेटवे अन् राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या, लाइट गेली की फोन मुका. नवीन ट्रंक (क्लाउडकडची कॉलची जोडणी) नीट चालेपर्यंत जुनी लाइन तोडू नका.